फेअरएकरची शाळा

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हा मायना तूच माझ्याकडून गिरवून घेतला होतास, मी चौथीत असताना. त्यानंतर तुला पत्र लिहायची वेळ फारशी आलीच नाही. रोज रात्री साडेनऊचा फोन असताना पत्र लागतंय कशाला? पण जे सांगायचंय ते फोनवर काढलं की तू विषय बदलतेस. दोनदा झालं तसं. म्हणून लिहून काढते. पत्र छापून येणार आहे, तेव्हा तुझं नाव घालत नाही, गावाचंही नाही. ओळखणारे ओळखतील.

दिवाळीत मी आले तेव्हा पडवीत बसून पिशवीतून पुस्तक काढलं. तू विचारलंस, "हे कितवं?" मी म्हटलं, "शेवटचं." तू हातातली चकलीची परात खाली ठेवलीस, पुस्तक घेतलंस, उघडलं नाहीस. पदराने पुसलंस आणि कोनाड्यात कंदिलाशेजारी उभं करून ठेवलंस. "असू दे तिथंच. आत्ता नको." चार दिवस ते तिथं होतं. मी निघाले त्या दिवशी तूच ते माझ्या पिशवीत घातलंस, चिवड्याच्या डब्याखाली, मला दिसू नये असं. पुण्यात येऊन डबा काढला तेव्हा कळलं.

रागावले नाही. तुला काय वाटलं असेल ते कळलं, म्हणूनच लिहायला बसले.

आठव, हे सुरू कसं झालं ते. २००९ साली तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तू सहा आठवडे माझ्याकडे राहिलीस. शाळेतून एक दिवसही रजा न काढणारी तू, पलंगावर पडून भिंतीकडे बघायचीस. टीव्ही नको, भजनं नकोत. मी बँकेतून येताना अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून एक पातळसं इंग्रजी पुस्तक उचललं होतं, वीस रुपयाला. नाव 'व्हिलेज स्कूल'. आत काळ्या शाईतली नाजूक चित्रं, जॉन गुडॉल यांची. शाळेचं पुस्तक म्हणून घेतलं, दुसरं कारण नव्हतं. त्या रात्री तुझ्या पलंगाशी बसून वाचायला लागले. वाचायला म्हणजे काय, एक परिच्छेद डोळ्यांनी वाचायचा आणि तुला मराठीत सांगायचा. 'स्टोव्ह'ला मी आधी चूल म्हटलं, मग शेगडी, मग तूच म्हणालीस, "स्टोव्हच म्हण, कळतंय."

तू डोळे मिटून ऐकत होतीस. झोपलीस असं वाटलं. मग मिसेस प्रिंगल आल्या. शाळेची झाडलोट करणाऱ्या, जाडजूड, सदा कुरकुरणाऱ्या. वर्गातले दोन लोखंडी स्टोव्ह त्यांनी काळं पॉलिश लावून आरशासारखे चकचकीत केलेले. थंडी कितीही पडो, हे स्टोव्ह लवकर पेटवायला त्यांचा जीव तयार नाही, कारण पेटवले की राख आली, धूळ आली, आणि पोरं त्यांच्या स्वच्छ फरशीवर कोळशाचे तुकडे पाडणार आली. जरा जास्तीचं काम सांगितलं की त्यांचा पाय उसळून यायचा. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "अगं, या आमच्या खिचडीच्या मावशी."

त्या दिवसापासून आपण पुस्तकातल्या त्या फेअरएकर गावच्या झालो.

तुझ्या मावशी काही प्रिंगलबाईंइतक्या जाड नव्हत्या. पण घासलेलं पातेलं उन्हात उपडं घातलेलं असताना कुणी हात लावला तर त्यांचं तोंड सुटायचं ते शाळा सुटेपर्यंत थांबायचं नाही. आणि पाहुणे येणार, केंद्रप्रमुख येणार म्हटलं की त्यांची कंबर धरायची. तरी पातेलं घासलेलं असायचंच. प्रिंगलबाईंचा स्टोव्हही पेटलेला असायचाच. माणूस कुरकुर करतं आणि कामही चोख करतं, हे ज्याने शाळा चालवली त्यालाच माहीत असतं. पुस्तकांतली बहुतेक माणसं यातलं एकच काहीतरी करतात.

लिहिणारी बाई कोण, हे तू दुसऱ्याच दिवशी विचारलंस. डोरा सेंट तिचं नाव. जन्म १९१३ चा, लंडनचा. सात वर्षांची असताना आईच्या तब्येतीसाठी घरचे केंट परगण्यातल्या चेल्सफील्ड या खेड्यात राहायला गेले, आणि तिथली शाळा तिच्या मनात कायमची बसली. पुढे केंब्रिजच्या होमर्टन कॉलेजात शिक्षिकेचं शिक्षण घेतलं, शाळांत शिकवलं. नवराही शिक्षकच. मासिकांतून शाळेविषयीचे छोटे लेख लिहायला लागली, 'पंच'मध्ये, शिक्षकांच्या साप्ताहिकात. मग प्रकाशकाने पुस्तक मागितलं. १९५५ साली 'व्हिलेज स्कूल' आलं. गोष्ट सांगणारी मुख्याध्यापिका मिस रीड, आणि पुस्तकावर लेखिकेचं नावही मिस रीड. ते आडनाव तिच्या आईचं माहेरचं. तुला हे फार आवडलं होतं. "आईचं माहेरचं नाव लावलं पोरीने," असं दाजींना मोठ्याने सांगितलंस.

पुढे ती लिहीतच राहिली. फेअरएकरची पुस्तकं, थ्रश ग्रीन नावाच्या दुसऱ्या गावाची पुस्तकं, मिळून तीसहून जास्त. शेवटचं १९९६ चं. एकेचाळीस वर्षं एक बाई त्याच गल्लीबोळांतून फिरत राहिली.

सगळी काही आपल्याला मिळाली नाहीत. पण जी मिळाली ती कशी मिळाली हे मला पानापानावर आठवतं. एक नाशिकच्या जुन्या वाचनालयाने काढून टाकलेलं, शिक्क्यासकट. दोन माझ्या मैत्रिणीच्या मुलीने इंग्लंडहून आणलेली. बाकीची नेटवरून मागवलेली. मिळालं की रात्री साडेनवाला फोन. दाजी उचलायचे आणि आत हाक मारायचे, "अगं ए, प्रिंगलबाईंचा फोन." वीस मिनिटं, कधी चाळीस. तुझ्याकडे रेंज अंगणातल्या जांभळाखालीच. पावसात तू तिथं छत्री घेऊन उभी राहायचीस. मी विचारायचे, "भिजतेस ना?" तू म्हणायचीस, "पुढं सांग."

माझा मुलगा एकदा विचारत होता, या पुस्तकांत घडतं काय? मी सांगायला लागले. पहिल्या पुस्तकात तीन सत्रं आहेत, नाताळचं, वसंताचं आणि उन्हाळ्याचं. शाळा सुरू होते, सुट्टी लागते, पुन्हा सुरू होते. छताची खिडकी गळते. मिस्टर विलेट शाळेची, चर्चची, कबरस्तानाची सगळी पडेल ती कामं करतात. एमी नावाची कॉलेजातली श्रीमंत मैत्रीण येते आणि मिस रीडचं लग्न जमवायच्या खटपटीत असते. तो म्हणाला, "एवढंच?" मला राग आला. पण उत्तर सुचलं नाही तेव्हा.

आता सुचलंय. तुझ्याकडे बघून सुचलं. तू छत्तीस वर्षं शाळा केलीस. त्या छत्तीस वर्षांत "घडलं काय", असं तुला कुणी विचारलं तर तू काय सांगशील? रोज सकाळी कुलूप काढलं. पोरांची नाकं पुसली. पहिलीला पाटीवर अ काढून दिला. लावणीच्या दिवसांत वर्गात चार पोरं उरायची, तेव्हा त्या चौघांनाच शिकवलं. याची बातमी होत नाही, कुठल्या कथेत हे येत नाही. आलंच तर मागे पार्श्वभूमीला, पुढे कुणाचंतरी प्रेमप्रकरण किंवा खून. डोरा सेंटने हेच पुढे आणून ठेवलं. सकाळचं कुलूप हीच तिची गोष्ट. म्हणून तू पावसात उभी राहायचीस. तुझ्या दिवसाला कुणीतरी गोष्ट म्हणत होतं, आणि ती गोष्ट तिकडे सातासमुद्रापलीकडची लोकं पैसे देऊन वाचत होती. मला ही पुस्तकं फार मोठी वाटतात, ती यासाठी.

मला यातलं सगळ्यात मोठं नवल वाटलं ते तुझंच एक वाक्य. जोसेफ कॉग्ज आठवतो ना? पहिल्या पुस्तकात शाळेत पहिल्यांदा येतो तो काळासावळा, फाटक्या कपड्यांतला मुलगा. १९५५ साली तो पाच वर्षांचा. आणि पुढे वीस वर्षांनंतरच्या पुस्तकातही तो पोरच. बाहेर जग बदललेलं, गावात टीव्ही आलेले, मोटारी आलेल्या, आणि जोसेफ अजून अर्ध्या चड्डीत. मला हे खटकलं होतं. मी फोनवर म्हटलं, "बाईंचा हिशोब चुकलाय." तू लगेच म्हणालीस, "चुकला नाही. पहिलीचा वर्ग कधी मोठा होतो का?"

मी गप्प झाले. दर जूनला तुझ्या दारात सहा वर्षांचीच पोरं यायची. तू तीसची होतीस तेव्हा सहाची, तू पन्नासची झालीस तेव्हाही सहाचीच. आईला मूल वाढताना दिसतं, शिक्षिकेला वर्ग कायम तेवढाच दिसतो. डोरा सेंट शिक्षिका होती, म्हणून तिच्याकडून असं झालं असेल. ज्या समीक्षकाने वर्गावर कधी हजेरी घेतली नाही त्याला हे सुचणार नाही.

ही पुस्तकं नुसती गोडगोड आहेत असं म्हणणारे भेटतात. त्यांनी जोसेफचा बाप वाचलेला नसतो. आर्थर कॉग्ज दिवसभराची कमाई 'बीटल अँड वेज' या दारूच्या गुत्त्यात घालवतो, घरी बायकापोरांवर हात टाकतो. जोसेफ शाळेत आला की जेवणावर तुटून पडतो. मिस रीड हे बघते, लिहिते, आणि त्याच्यासाठी जे करता येईल ते करते, जे करता येत नाही तेही लिहिते. मी हे सांगत होते तेव्हा तू मध्येच त्या तिसरीतल्या मुलीचं सांगितलंस, जी खिचडी तीनदा घ्यायची आणि चौथ्यांदा डब्यात भरून घ्यायची. मावशी ओरडायच्या, आणि तू दुसरीकडे बघायचीस. मग एक दिवस मावशींनीच डबा भरून दिला आणि वर ओरडल्याही. हे तू मला त्याआधी कधी सांगितलं नव्हतंस. दहा-बारा वर्षं उलटून गेली होती त्याला. इंग्लंडातल्या एका खेड्यातल्या पोराचं ऐकताना ते बाहेर आलं.

अशा माणसांची, अशा गावांची मालिका वाचणाऱ्यांचं एक वेगळंच असतं, आक्का. माझ्या बँकेत एक बाई होत्या. त्यांना आफ्रिकेतल्या बोत्स्वानाच्या त्या मा रामोत्स्वे बाईंचं वेड, अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांच्या. १९९८ पासून ती पुस्तकं चालू आहेत. नवं पुस्तक आलं की त्या दुपारी डबा खाताना सांगायच्या, "मॅटेकोनींचं गॅरेज बरं चाललंय हो." खरोखरच सुटकेचा श्वास टाकून. कुणी हसायचं नाही, कारण त्यांना खरंच बरं वाटायचं. आपल्या लोकांना मालगुडीचं तसंच होतं. आर. के. नारायणांनी १९३५ साली स्वामीची गोष्ट लिहिली आणि त्याच गावात पन्नास वर्षांहून जास्त राहिले. १९८६ च्या सुमारास दूरदर्शनवर ते गाव दिसायला लागलं, तेव्हा आपल्या वाड्यातले सगळे एका टीव्हीसमोर बसायचे, तू मध्येच उठून भाकरीचा तवा बघून यायचीस. ज्या गावाला आपण कधी जाणार नाही त्या गावातली माणसं बरी आहेत ना, एवढी चौकशी करायला लोक पुन्हा पुन्हा पुस्तक उघडतात. रक्ताच्या नातेवाइकांचीही आपण इतकी चौकशी करत नाही.

आणि याच ठिकाणी मला 'बनगरवाडी' आठवते. बघ, ती आणि 'व्हिलेज स्कूल' एकाच साली आली, १९५५ ला. इकडे माणदेशातल्या धनगरवाडीत एक पोरसवदा मास्तर येतो, तिकडे इंग्लंडातल्या खेड्यात एक बाई शाळेचं दार उघडते. व्यंकटेश माडगूळकरांना डोरा सेंट ठाऊक असायचं कारण नाही, तिला माडगूळकर तर नाहीतच. पण माडगूळकरांच्या वाडीवर दुष्काळ येतो आणि शेवटी गाव उठून जातं, मास्तर एकटा उरतो. ते एकच पुस्तक. पुढे काही नाही, कारण पुढे गावच नाही. आपल्याकडे खेड्यावरचं पुस्तक असंच संपतं, खरंच तसं होतं म्हणून. त्या पुस्तकाचं शेवटचं पान मला आजही सलग वाचवत नाही. फेअरएकर मात्र एकेचाळीस वर्षं टिकतं. मी 'बनगरवाडी'ला कमी लेखत नाही, ते आपल्या भाषेतलं सोनं आहे. पण गाव उठून गेल्यावर जे रडू येतं तेवढंच माणसाला लागतं असं नाही. कुणीतरी गाव राखूनही दाखवावं लागतं.

तर आता मुख्य बोलते.

मिस क्लेअर गेली ती रात्र तुला आठवत असेल. 'चेंजेस ॲट फेअरएकर', १९९१ चं पुस्तक. मिस क्लेअर म्हणजे लहान वर्गाच्या बाई, कित्येक वर्षं त्याच शाळेत. होणारा नवरा पहिल्या महायुद्धात गेला, मग लग्न केलंच नाही. बीच ग्रीन गावातलं तिचं छोटं घर, गवताच्या छपराचं, तिच्या वडिलांनी स्वतः शाकारलेलं. 'शाकारलेलं' हा शब्द मी वापरला तेव्हा तू म्हणालीस, "म्हणजे आपल्यासारखंच." आणि मग ती गेल्याचं मी सांगितलं. दोन्हीकडून कुणीच बोललं नाही. मग तू म्हणालीस, "उद्या सांग पुढचं." पुढचे चार दिवस तू फोन उचलला नाहीस, दाजीच बोलले.

२०१२ च्या एप्रिलमध्ये डोरा सेंट स्वतः गेली, अठ्ठ्याण्णव वर्षांची होऊन. मी पेपरात वाचलं आणि तुला सांगितलं. तू पहिलं काय विचारलंस? "मग आता शाळा कोण बघणार?" पुस्तकं तर १९९६ लाच संपली होती. पण मला तेव्हा ते वेड्यासारखं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

त्या शाळेवर टांगती तलवार पहिल्यापासूनच होती. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर तिकडे अकरा वर्षांपुढची मुलं मोठ्या शाळांत जायला लागली, खेड्यातल्या शाळांत लहानच उरली. मग पट घसरत गेला. 'स्टॉर्म इन द व्हिलेज' मध्ये गावाच्या शिवारात अणुकेंद्राच्या कामगारांची वसाहत उभी राहणार, अशी बातमी येते, आणि शाळेचं काय होणार म्हणून गाव पेटतं. १९७७ च्या 'व्हिलेज अफेअर्स' मध्ये शाळा बंद होणार अशी कुजबुज गावभर फिरते. 'चेंजेस' मध्ये पुन्हा पट. मी हे सांगायचे तेव्हा तू शांत ऐकायचीस आणि मग आकडा विचारायचीस. "किती राहिली?" मी सांगायचे. "आमची तेवीस," तू म्हणायचीस. पुढच्या वर्षी, "आमची सतरा."

तू रुजू झालीस तेव्हा एकसष्ट होती. द्विशिक्षकी शाळा, चौथीपर्यंत, दोन खोल्या. धरणाच्या कडेची गावं उठली, माणसं पुण्याला, मुंबईला गेली, उरलेल्यांनी पोरं तालुक्याला इंग्रजी शाळेत घातली, पिवळ्या गाडीने. निवृत्त झालीस तेव्हा नऊ. मग २०२३ साली वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या, अशी चर्चा सुरू झाली. कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, हे तू मला तोंडपाठ सांगितलंस, कलमासकट. पण पोरंच नसतील तर एक किलोमीटर कुणासाठी मोजायचा? गेल्या जूनमध्ये पहिलीला एकही नाव आलं नाही. उरलेली चार पोरं खालच्या वाडीच्या शाळेत गेली. खोल्यांना कुलूप लागलं. दाजी सांगत होते, तू अजून सकाळी साडेनवाला त्या रस्त्याने जाऊन येतेस.

म्हणून तुला शेवटचं पुस्तक नको होतं. मी हे दिवाळीत ओळखलं नाही, पिशवी उघडल्यावर ओळखलं. तुला वाटलं, तिथंही कुलूप लागलेलं असणार आणि ते मी तुला वाचून दाखवणार. किंवा उलटं, तिथं लागलेलं नसणार, आणि तेही तुला सोसणार नाही.

काय होतं ते सगळं सांगणार नाही. 'अ पीसफुल रिटायरमेंट' या नावात जेवढं आहे तेवढंच सांगते. त्याआधीच्या 'फेअरवेल टू फेअरएकर' मध्ये तब्येत बिघडते म्हणून मिस रीड मुदतीआधी निवृत्त होते, हे तर आपण वाचलंयच. मिस क्लेअरने तिला ठेवलेल्या त्या शाकारलेल्या घरात ती राहत असते. आणि शांत निवृत्ती काही मिळत नाही, कारण गाव तिला स्वस्थ बसू देत नाही. ज्याला त्याला तिच्याकडून काहीतरी हवं असतं. प्रिंगलबाई आहेतच. एमी आहेच. आणि आक्का, शाळा उघडी आहे. मिस रीड सोडून जाते तेव्हा फेअरएकरची शाळा चालू असते.

तू म्हणशील, ही खोटी गोष्ट. इंग्लंडातल्याही कितीतरी खेड्यांतल्या शाळा त्या काळात बंद पडल्या, हे खरं आहे. डोरा सेंटला ते आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, तिने कित्येक वर्षं तशाच भागात घर केलं होतं, न्यूबरीजवळच्या खेड्यात. तिने डोळे मिटले नव्हते. तसं असतं तर बंद पडण्याची भीती तिने इतक्या वेळा पुस्तकात आणलीच नसती. गावची शाळा गेली की गावातलं काय जातं, हे तिने एका मागून एक पुस्तकात मोजून मांडलं. सकाळी रस्त्यावरची पोरं जातात, दुपारच्या सुट्टीतला आवाज जातो, प्रिंगलबाईंना कुरकुर करायला जागा उरत नाही, विलेटसारख्या माणसाची गरज संपते. हे सगळं सांगून झाल्यावर तिने एक शाळा कागदावर उघडी ठेवली. एक तरी राहू दे, असं तिला वाटलं असेल. तुझ्या शाळेची पोरं खाली गेली, पण फेअरएकरच्या शाळेला कुलूप लागलं नाही. दोन शाळांपैकी एक उघडी आहे, याचं दुःख का करायचं?

माझं स्वतःचंही सांगते. शेवटचं पुस्तक माझ्याकडे चार वर्षं पडून होतं. तुलाच भीती वाटते असं नाही. मी ते दोनदा उघडून पहिलं पान वाचलं आणि मिटलं. संपलं की मग साडेनवाला काय बोलायचं, हा माझाच प्रश्न होता. शेवटी गेल्या पावसाळ्यात एका बसण्यात वाचलं. संपलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा केला आणि 'व्हिलेज स्कूल' काढलं, तेच वीस रुपयांचं, पाठीचा डिंक सुटलेलं, आणि पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू केलं. शाळा भरते, स्टोव्ह पेटवायचा की नाही यावरून वाद होतो. सगळं जागच्या जागी होतं. या मालिकेचे जगभरातले वाचक असंच करतात असं मला वाटतं, शेवटचं मिटलं की पहिलं उघडतात, कारण ही पुस्तकं जूनसारखी आहेत.

तुला फोनवर हे सांगता आलं नाही. तू एकटीने ते वाचावंस असं मी म्हणत नाही. तुझं इंग्रजी तेवढं नाही म्हणून नव्हे, एकटीने वाचायचं पुस्तकच नाही ते. मी सांगेन, तू ऐक. मध्ये थांबव. पट विचार. मिस क्लेअरच्या वेळेस झालं तसं झालं तर चार दिवस नको बोलूस, मी पुण्याला परत जाणार नाही, तिथंच राहीन. मावशींनाही बोलव. त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही की त्यांच्यासारखी एक बाई इंग्लंडात आहे आणि तिच्यावर एक अख्खं पुस्तक आहे, तिच्याच नावाचं. ते आणि शेवटचं, दोन्ही मी आणते आहे बरोबर.

दाजींना सांग, जांभळाखाली खुर्ची टाकून ठेवा, तिथं बसू. आता फोनची रेंज लागणार नाही.

शनिवारी स्वारगेटहून सकाळच्या एसटीने निघते, बारापर्यंत पोचेन. पुस्तक पिशवीत वरच ठेवलंय.

तुझी धाकटी